मागच्या चाकाला दगड

"सोडा ती चकती."

"तुमी सोडा."

बारामतीच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगाच्या एका बाजूला मी उभी होते, दुसऱ्या बाजूला तो. मधे एका ठोकलेल्या जीपचं तोंड, आणि त्यातून निघालेली एक जाड, गोल, गंजलेली लोखंडी चकती. तिची एक कड माझ्या हातात, दुसरी त्याच्या. परतीच्या पावसाची भुरभुर चालू होती. माझी ओढणी कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत काळं ग्रीस… आणि समोरचा माणूस चकती सोडायला तयार नाही.

"अहो ताई, मी ही सकाळीच बघून ठेवलीया. कडबाकुट्टीची पुली करायचीया मला हिची."

"बघून ठेवली म्हंजे तुमची झाली व्हय? आन् मी सकाळधरनं बोल्ट खोलत बसले ते काय गंमत म्हणून?"

त्यानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. आधी हातांकडे, मग पायाशी पडलेल्या पान्ह्यांकडे आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. उंच होता, सावळा. शर्टाच्या खिशाला स्टीलची पट्टी, कानामागे खडू. तोंड अगदी गंभीर ठेवलं होतं त्यानं, पण डोळे हसायचे थांबत नव्हते. मला असल्या डोळ्यांचा फार राग येतो. निदान तेव्हा तरी यायचा.

"पण तुमाला कशाला पायजे?"

"ब्रेक करायचेत. जीपच्या मागच्या चाकांना."

"चकत्या पुढच्या चाकांना असत्यात, ताई. मागं ड्रम असतोय."

"म्हाईत हाय मला. म्हणूनच करायचेत."

यावर त्यानं हात सोडले. एकदम! मी चकतीसकट मागच्या मागे टायरांच्या राशीवर जाऊन बसले. त्यानं उठवायला हात पुढे केला… तो मी घेतला नाही. चकती मात्र पोटाशी घट्ट धरून ठेवली.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. माझी गरज काय होती, ते आधी सांगायला हवं.

आमची वस्ती नरसिंहपूरच्या अलीकडे, भीमेच्या काठाला. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादासोंनी, ती विकून लष्कराच्या लिलावातली एक छोटी जीप आणली. चारी चाकांवर ओढणारी, चिखलाला न घाबरणारी. वडिलांना सगळे तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणते. तात्या काठावरच्या वस्त्यांचं दूध त्या जीपमधून संस्थेत पोचवायचे. पलीकडच्या तीराचे कॅन काहिलीतून यायचे. काहील म्हणजे गूळ कढवायची ती भलीमोठी कढई, आमच्याकडे तिचीच नाव करतात. ती जिथं काठाला लागते तिथं घसरडा उतार. जीप मागच्या बाजूनं पार पाण्यात उतरवायची, कॅन चढवायचे आणि तोंड वर करून चढ चढायचा, असं रोजचं काम.

त्याच वर्षीच्या श्रावणात तात्या असा चढ चढत होते आणि समोरून म्हशी आल्या. त्यांनी ब्रेक दाबला. पुढच्या चाकांनी धरलं, पण चढावर गाडीचं सगळं ओझं येतं मागच्या चाकांवर, आणि मागच्या ड्रममध्ये, म्हणजे ब्रेकच्या बंद डब्यात, नदीचं पाणी आणि गाळ शिरलेला. हँडब्रेक ओढला, तर तोही त्याच ड्रमवर चालणारा. जीप सरकत सरकत मागे आली आणि बाभळीवर आदळली. तात्यांचा पाय मोडला. दूध नदीला मिळालं.

तात्या कुबडीवर आले आणि जीप ताडपत्रीखाली गेली. दूध दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीनं जायला लागलं, तेही आठवड्यातनं निम्म्या वेळा नासून. तात्यांनी जीप विकायचं ठरवलं. एक वीटभट्टीवाला तयारही झाला.

"मी चालवते की," मी म्हटलं. गाडी मला तात्यांनीच शिकवली होती.

"माझा पाय गेला तेवढा बास झाला. गाडी जाऊ दे, मग तुझंबी बघतो."

घ्या! गाडीचा आणि माझा निकाल एकाच वाक्यात. तिला वीटभट्टी, मला सासर. मी त्या दिवशी जेवलेच नाही. भूक मारून चालत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवले, आणि ताडपत्रीखाली शिरून ड्रम उघडला.

आत गाळानं भरलेला नुसता डबा. शेजारी पुढचं चाक पाहिलं, तर तिथं उघडी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारा कॅलिपर. पाणी लागलं तरी फिरता फिरता झटकून टाकणारी. मग हीच मागं बसवली तर? रोज तेच डोक्यात. कणीक मळताना, शेण काढताना. शेवटी तात्या वैतागून म्हणाले, "बसव. आन् पाण्यातनं काढून त्याच चढावर गाडी जाग्याला हुबी करून दाव. केलीस, तर किल्ली तुझी." त्यांना वाटलं, पोरगी दमेल आणि गप बसेल.

माझी आई तानूबाई मात्र चुलीपुढून म्हणाली, "तुमी हिला वळखलंच न्हाय अजून."

तर असं सगळं. जुन्या बाजारात त्या हसऱ्या डोळ्यांच्या माणसाला मी यातलं निम्मंच सांगितलं. त्यानं मात्र पुरतं ऐकून घेतलं. हसला नाही, हे विशेष.

"कल्पना चांगली हाय. पण मागं कॅलिपर धरायला जागाच न्हाय. त्याला जाड प्लेट लागंल, ड्रमच्या मागच्या भोकांशी जुळणारी. चकतीचं मधलं भोकबी मोठं करावं लागंल. लेथचं काम हाय."

याचा मी विचारच केला नव्हता. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"कोण करील?"

"बारामतीत एकच माणूस हाय."

"कुठं असतोय?"

"तुमच्यापुढं भिजत हुबा हाय."

मी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी कधी केलंय का असलं?"

"न्हाय. तुमी?"

"…न्हाय."

"मग बरोबरीत हाय की आपण."

त्याचं नाव बिरदेव. लेथचं दुकान त्याचं स्वतःचं. गाव मोरगाव, घरचं मूळ काम आमच्यासारखंच मेंढरांचं. "आन् तुमची कडबाकुट्टी?" मी विचारलं. "थांबंल ती," तो म्हणाला. मग दोन चकत्या आणि दोन कॅलिपर आम्ही मिळून खोलले. एक डाव्या चाकाचा, एक उजव्या चाकाचा, दिसायला जुळ्या भावांसारखे. घोटाळा नको म्हणून मी पिशवीतला गेरूचा खडा काढला आणि डाव्या कॅलिपरवर ठसठशीत टिळा ओढला. मेंढरांवर ओढतात तसा. त्यानं पाहिलं, मान हलवली. मीही काही बोलले नाही. मेंढरांच्या घरातल्या माणसाला टिळ्याचा अर्थ काय सांगायचा?

याच न बोलण्यानं पुढे आमचा घाम काढला.

दोन दिवसांनी जीपच्या ड्रमची मागची पत्र्याची थाळी घेऊन मी बारामतीच्या एसटीत बसले. नमुन्याला ती लागणार होती. कंडक्टरनं विचारलं, "ह्ये काय, मुलगी?" म्हटलं, "ब्रेक हाय." तो म्हणाला, "मग आमच्याच गाडीला लाव की."

बिरदेवच्या दुकानात लेथ सुरू झाला की बोलणं बंद. लोखंडाचा निळसर किस सळसळत खाली पडत राहायचा, तेलाचा जळका वास यायचा, आणि तो असा वाकून काम करायचा की जगात दुसरं काही नाहीच. मी स्टुलावर बसून बघायची. म्हणजे प्लेटकडे बघायची. बहुतेक वेळ प्लेटकडेच…

"तुमी असं बघत बसला की माझा हात हालतोय."

"मी प्लेट बघतीया."

"प्लेट इकडं हाय. तुमी तिकडं बघताय."

मी ओढणीनं तोंड पुसल्यासारखं केलं. अशी तीन-चार वेळा मी तिथं गेले. दरवेळी काहीतरी मोजायचं राहिलेलं असायचं. कधी ते माझं राहायचं, कधी त्याचं. एकदा तर मी तेच माप परत घेऊन गेले आणि त्यानं ते तितक्याच गंभीरपणे परत खडूनं फळीवर लिहून घेतलं.

एका दुपारी त्याच्या आई, द्वारकाबाई, डबा घेऊन आल्या. बारीक चणीच्या, कपाळभर कुंकू. मला चहा दिला, माझ्या नखांतलं ग्रीस बघून खूश झाल्या. मग लेकाला म्हणाल्या, "बिरू, दुकानात आलेल्या बाईमाणसाला तू ताई म्हनतोस न्हवं? हिलाच म्हनायचं कसं काय इसरलास रं?"

लेथ चालू होता, तरी मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी आठवून पाहिलं. खरंच की! जुन्या बाजारात दर वाक्याला ताई होती. दुकानात पहिल्या दिवशीही होती. मग ती कधी गळून पडली, कळलंच नव्हतं. बिरदेवचे कान लालबुंद झाले होते. मी चहाचा इतका मोठा घोट घेतला की जीभ पोळली.

प्लेटा तयार झाल्या, तसा बिरदेव सामान घेऊन आमच्या वस्तीवर आला. तात्या ओसरीवर बाजेवर बसले होते, पाय उशीवर, कुबडी शेजारी. बिरदेवनं पाया पडून नमस्कार केला. तात्यांनी आशीर्वाद दिला, पण बघत राहिले ते त्याच्या पिशवीकडे.

ड्रम निघाले. प्लेटा अशा बसल्या की मधे कागद सरकणार नाही. मी एका चाकाशी, तो दुसऱ्या चाकाशी, मधे जीपचं पोट. खालून एकमेकांचे फक्त हात दिसायचे. मी पान्हा मागायची, तो सरकवायचा. एकदा पान्ह्याबरोबर पेरूची फोड आली, तिखटमीठ लावलेली. आईनं त्याला दिलेली. मी खाल्ली आणि पान्हा ठेवून घेतला.

मग तो हळूच म्हणाला, "एक सांगायचं हाय. ड्रम गेला म्हंजे हँडब्रेकबी गेला."

"आधी का न्हाय सांगितलं?"

"आधी ठावं असतं तर सांगितलं असतं. आत्ता तार हातात आली तवा ध्यानात आलं. मागच्या शाफ्टवर येगळा हँडब्रेक बसवता येईल. करतो मी. पण येळ लागंल."

"तवर?"

"तवर गाडी हुबी केली की कुणीतरी चाकाला दगड लावायला पायजे."

"आन् ते कुणी?"

"बघू," तो म्हणाला.

मी नरसिंहपूरहून ब्रेकचं तेल घेऊन येईपर्यंत त्यानं दोन्ही कॅलिपर आवळून टाकले आणि दुपार कलली तेव्हा सगळं बसलं होतं. राहिली होती फक्त नळीतली हवा काढायची. ब्रेकच्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबत नाही. कॅलिपरवर एक छोटं निपल असतं, त्याला नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडायचं, मग निपल सैल केलं की हवा बाहेर येते. हे काम एकट्याचं नाही. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल उघडायचं आणि मिटायचं. मी सीटवर बसले.

"दाबा…"

"दाबलं."

"धरा…"

"धरलंय."

"सोडा."

आणि परत. दाबा… धरा… सोडा. त्याचा आवाज खालून यायचा, हळू, एका लयीत. थोड्या वेळानं मला तो 'धरा' म्हणायच्या आधीच कळायला लागलं की आता म्हणणार. खोटं कशाला सांगू, पहिला अर्धा तास मला फार बरं वाटलं.

पण पेडल काही घट्ट होईना. पाय ठेवला की ओल्या गवतात रुतावा तसा रुतायचा. तेलाची एक बाटली संपली, दुसरी उघडली. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर आला. माझी पोटरी भरून आली.

तेवढ्यात तात्यांनी ओसरीवरून सांगितलं, अगदी साध्या आवाजात, "वीटभट्टीवाल्याचा निरोप हाय. उद्या येतोय तो गाडी न्यायला."

"दिवाळीला यायचा हुता न्हवं?"

"त्याला आताच पायजे. मी व्हय म्हणलोय. हे असलं पेडल घेऊन तू काय चढावर जाणार न्हाईस, आन् मी जाऊबी देणार न्हाय."

आणि मग मी जे करायला नको ते केलं. खाली उतरले आणि सगळा राग बिरदेववर काढला. "येत न्हवतं तर तसं सांगायचं हुतं! बारामतीत एकच माणूस हाय म्हणं!"

तो चाकाशी बसलेला होता. कपाळावर तेलाचा पट्टा. त्यानं हातातली नळी खाली ठेवली, हात पुसले. डोळे पहिल्यांदाच हसत नव्हते. आईनं भाकरी खायला हाक मारली, तर म्हणाला, "नको मावशी, हे झाल्याबिगर घास उतरायचा न्हाय."

मला इतकं वाईट वाटलं की त्याच्याकडे बघवेना. म्हणून मी पुढच्या चाकाकडे बघत बसले. रडायचं नाही, असं स्वतःला बजावत. आणि बघता बघता दिसलं… पुढच्या कॅलिपरचं निपल आभाळाकडे तोंड करून होतं. मी उठले, मागच्या चाकाशी जाऊन वाकले. इथलं निपल जमिनीकडे! हवा तर नेहमी वर चढते. आम्ही खालून दार उघडून तिची वाट बघत होतो, आणि ती माळ्यावर आरामात बसलेली.

"बिरदेव, हे उलटं बसलंय!"

तो धावत आला. मी दुसऱ्या चाकाकडे गेले. तिथंही तसंच. आणि त्या कॅलिपरवर गेरूचा टिळा. उजव्या चाकाला!

"टिळ्याचा कॅलिपर तुमी उजवीकडं बसवला?"

"मग? उजवाच हाय न्हवं त्यो?"

"डावा हाय! म्हणून तर टिळा लावला."

"टिळा डावीकडं?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मी सूर्य मावळतीला उगवतो म्हणाले. "आवो, टिळा उजव्या अंगाला असतोय. आमच्या घरात आजापास्नं मेंढराच्या उजव्या अंगालाच लावत्यात."

"आमच्यात डाव्या!"

दोन घरं, दोन कळप, दोन खुणा… आणि आपलीच खूण साऱ्या जगाची, असं दोघांनाही वाटलेलं. ओसरीवरून कसलासा आवाज आला. वळून पाहिलं तर तात्या हसत होते. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून. "आगं, ह्याच्यावरनं तुझ्या आज्याची आन् मोरगावकरांची बाजारात मारामारी झालती एकदा! कळप मिसळलं हुतं!"

कॅलिपर खोलून अदलाबदल करताना मी जीपखाली होते, तो पलीकडे. मी म्हटलं, "मघाशी बोलले ते… बोलायला नको हुतं."

"बोला की. बाटलीतनं तेल सांडतं तसं सांडलं. पुसलं मी." मग थोडं थांबून, "मी एक इचारू का?"

"इचारा."

"दोन घरची मेंढरं एकाच वाड्यात आली, तर टिळा कुठल्या अंगाला लावायचा?"

माझा पान्हा हातातून सुटला आणि कपाळावर पडला. बरं झालं तो पलीकडे होता. कपाळ चोळत मी म्हटलं, "दोन्हीकडं लावायचा. त्यात काय एवढं."

खालून दिसणारे त्याचे हात बराच वेळ नुसतेच थांबलेले होते.

मग परत दाबा… धरा… सोडा. या वेळी बाटलीत बुडबुडे बुडबुड करत आले आणि तिन्हीसांजेच्या आत पेडल असं कडक झालं की पाय ठेवताच परत यावा. त्यानं मग दोन भाकरी खाल्ल्या. आईनं तिसरी न विचारता वाढली आणि रात्री त्याला ओसरीवर अंथरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर माणसं जमली होती. काहीलवाला, वस्तीवरचे दूधवाले, आई. तात्या कुबडी रोवून बरोबर चढाच्या मध्यावर उभे, जिथं म्हशी आल्या होत्या तिथंच. बिरदेव बाभळीजवळ होता. त्याच बाभळीजवळ. वीटभट्टीवाल्याची मोटरसायकलही येऊन थांबली होती. रात्री पाऊस पडून गेलेला, उतार नुसता लोण्यासारखा.

मी जीप मागे घेतली. पाणी आधी चाकांना लागलं, मग वर चढलं, मागची चाकं अर्धी बुडाली. कॅन चढले. ओझं वाढलं, तशी जीप मागून खाली बसली. मी पहिला गिअर टाकला. मनात नृसिंहाला म्हटलं, एवढा चढ तेवढा बघ, बाकीचं मी बघते.

जीप पाणी गाळत वर निघाली. चिखल उडाला. मध्यावर तात्यांनी हात वर केला.

मी ब्रेक दाबला.

आणि गाडी थांबली. सरकली नाही, घसरली नाही. चारी चाकांनी जमीन धरली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. काहीलवाल्यानं शिट्टी मारली. मी तात्यांकडे पाहिलं, मला वाटलं आता ते हसतील.

ते कुबडी टेकत जवळ आले. "थांबली खरी. आता इंजिन बंद कर आन् खाली उतर."

गाडी थांबली होती ती माझ्या पायावर. पाय काढला की त्या चढावर नुसता गिअर पुरत नाही, हे तात्यांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

"रोज कॅन चढवायला उतरावं लागतंय," तात्या म्हणाले. "तवा काय, पाय गाडीत ठेवून उतरशील? हँडब्रेक काढलाय तुमी. मला काय दिसत न्हाय व्हय?"

मी इंजिन बंद केलं. पाय मात्र तसाच. वीटभट्टीवाला घसा खाकरून पुढे आला.

तेवढ्यात आरशात हालचाल दिसली. बाभळीकडून बिरदेव पळत येत होता, चिखलातून, दोन्ही हातांत एक मोठा काळा दगड पोटाशी धरून. एका बाजूनं निमुळता केलेला, छिन्नीनं घडवलेला. आणि त्याच्या डाव्या अंगाला गेरूचा टिळा होता. उजव्या अंगालाही.

त्यानं दगड मागच्या चाकाला लावला, पायानं दाबून पक्का बसवला आणि धापा टाकत उभा राहिला.

"ह्यो दगड कुठला?" तात्यांनी विचारलं.

"हितलाच, काठावरला. पहाटं उठून घडवला. लई टणक हाय."

"आन् ह्यो रोज कोण लावणार?"

"मी."

"तू बारामतीचा. रोज सकाळी हितं येणार?"

"पहिल्या एसटीनं येईन. हँडब्रेक तयार हुईस्तवर रोज येईन, तात्या."

"आन् हँडब्रेक झाल्यावर?"

आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. कानांच्या पाळ्या लाल. त्यानं हात शर्टाला पुसले, परत पुसले.

"झाल्यावरबी यायचं म्हणतोय." त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. "मला सारजा आवडती, तात्या. जुन्या बाजारात चकती सोडली न्हाय तिनं, तवापास्नं. तुमी व्हय म्हणत असाल तर… आन् आधी सारजा म्हणत असंल तर."

माझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मागे ताई नाही, पुढे काही नाही. नुसतं सारजा.

तात्या माझ्या खिडकीशी आले. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग त्या चढाकडे, मग स्वतःच्या पायाकडे. "काय गं, सारजे? ह्या दगडाचा भरवसा वाटतोय का तुला? नीट इचार कर. मागं नदी हाय."

बोलायला खूप होतं. आवडतो, कधीपासून आवडतो, माप पुन्हा घेऊन गेले ते मुद्दामच, सगळंच. पण आई बघत होती, दूधवाले बघत होते. आरशात तो उभा होता. या वेळी त्याचे डोळे हसत नव्हते, नुसते वाट बघत होते.

मी गिअर काढून टाकला. आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

जीप हललीच… वीतभर, कर्रकन. मग मागचं चाक दगडाला टेकलं, आणि गाडी कॅनसकट, माझ्यासकट, शांत उभी राहिली.

मी दार उघडून खाली उतरले. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतले. चालत मागच्या चाकाशी गेले आणि बिरदेवच्या शेजारी उभी राहिले. त्याच्या डाव्या बाजूला. आमच्या घरात तीच रीत.

तात्यांनी वीटभट्टीवाल्याला हात जोडले. "माफी करा, पाव्हणं. गाडी द्यायची न्हाय." मग खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या चिखलानं भरलेल्या हातावर ठेवली.

"चला आता," ते म्हणाले, "दूध तापायच्या आत पोचवा."